जन्माचा आठवडा कोणी विचारत नाही

सांगलीहून मिरजेकडे निघाले की विश्रामबाग मागे पडते आणि वानलेसवाडी येते. आता सांगली कुठे संपली आणि मिरज कुठे सुरू झाली, हे दुकानांच्या पाट्या वाचूनही नीट कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र ही दोन संस्थानी गावांच्या मधली मोकळी जागा होती. मोकळी होती म्हणूनच ती निवडली गेली. १९२० च्या सुमारास मिरजेच्या मिशन रुग्णालयाने क्षयरोग्यांसाठी इथे आरोग्यधाम उभारले आणि त्याच्या संस्थापकाचे नाव वस्तीला चिकटले.

डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ मध्ये इकडे आले. आधी सांगलीत दवाखाना थाटला, मग मिरजेला मुक्काम हलवला आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे कोकणापासून कर्नाटकापर्यंतची माणसे गाडीत बसून थेट दवाखान्याशी उतरू लागली. वॉन्लेस ख्यातनाम होते ते शस्त्रक्रियेसाठी. मोतीबिंदू काढून घेतलेल्यांनी त्यांचे नाव गावोगाव नेले. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९३३ मध्ये ते वारले. मिरजेला आज डॉक्टरांचे गाव म्हणतात, त्याची सुरुवात इथून झाली. पण क्षयापुढे या शल्यविशारदाची सुरी चालत नव्हती. असा रोगी सर्वसाधारण वॉर्डात ठेवणे धोक्याचे आणि घरी पाठवणे त्याहून धोक्याचे. राहता राहिली गावाबाहेरची हवा.

हवेच्या बाबतीत शेजारचा सातारा जिल्हा आधीच पुढे होता. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नसते, म्हणून इंग्रजांना बारमाही मुक्कामाची दुसरी जागा हवी होती. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली आणि तिथे सिल्व्हर ओक लावले. पाऊस महाबळेश्वरापेक्षा पुष्कळ कमी, उंची साधारण चार हजार फूट, उन्हाळा सौम्य. डॉ. रुस्तमजी बमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये याच गावात ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. पुढे १९६४ मध्ये ते रेडक्रॉसकडे गेले आणि बेल-एअर हे नाव आजही तिथे आहे.

या आरोग्यधामांतली दिनचर्या सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असे. उघडे व्हरांडे, रांगेने लावलेल्या खाटा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि तक्त्यावर टिंब टाकायचे. दर काही दिवसांनी वजन, थुंकीची तपासणी, एक्स-रे आल्यावर छातीचा फोटो. काहींच्या छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवत, काहींच्या फासळ्याच काढून टाकत. हवेने क्षय बरा होतो हे खरे नव्हते. पोटभर खाणे आणि विश्रांती यांनी काहींना उतार पडे, इतकेच. तरीही या जागांनी एक गोष्ट पक्की केली आणि ती मला औषधाइतकीच मोलाची वाटते. छातीच्या रोग्याला भूतकाळ असतो आणि तो कागदावर असावा लागतो, हे इथे शिकले गेले. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या फोटोशेजारी धरून बघायचा, घरात कोणाला खोकला होता ते विचारायचे, पूर्वीचा डाग विसरायचा नाही.

आरोग्यधामांचे युग संपवले ते मद्रासने. १९५६ मध्ये तिथल्या क्षयरोग केंद्रात १९३ गरीब रोगी दोन गटांत वाटले गेले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून नवी औषधे दिली, दुसऱ्याला तीच औषधे घेऊन आपापल्या दाटीवाटीच्या घरी पाठवले. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेले रोगी जवळपास तितकेच बरे झाले होते. व्हरांडे, उंची, सिल्व्हर ओक यांचे वैद्यकीय कारणच उरले नाही. मागे उरली ती सवय. मिरजेच्या कुठल्याही छातीतज्ज्ञाकडे आजही पहिला प्रश्न असतो, ‘पूर्वी टीबी झाला होता का?’

याच काळात, याच दोन जिल्ह्यांत, दुसऱ्या एका फुप्फुसाचा इतिहास लिहिलाच जात नव्हता.

दिवस भरण्याआधी जन्मलेले मूल. त्याचे जे काही व्हायचे ते घरात, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत होई. ‘कापसात ठेवून वाढवलं’ असे घरातली म्हातारी माणसे सांगत, त्यात अतिशयोक्ती नसे. खरोखरच कापसात गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून, बोंडल्याने किंवा कापसाच्या बोळ्याने दूध थेंबथेंब पाजून ती मुले जगवलेली असत. सातव्या महिन्यातले वाचते आणि आठव्यातले वाचत नाही, असा ठाम समज होता. तो शरीरशास्त्राच्या नेमका उलटा आहे, कारण पोटातल्या प्रत्येक वाढीव आठवड्याने वाचण्याची शक्यता वाढत जाते. बाजेखाली शेगडी आणि खोलीत ओवा, वेखंड, धूप यांची धुरी असे. ऊब हवी होती हे बरोबर, पण ती देताना सगळ्यांत कच्च्या फुप्फुसाला पहिल्याच आठवड्यात धूर मिळे. अठ्ठावीस-तीस आठवड्यांचे मूल मात्र या कशानेच वाचत नसे. जे वाचले ते बहुधा तितके अपुऱ्या दिवसांचे नव्हतेच. मूल मोठे झाले तर त्याच्या छातीचे पुढे काय होईल, हा प्रश्न पडायला आधी मूल जगावे लागते.

ती मुले का जात, हे जगालाही उशिरा कळले. बोस्टनच्या मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले की, अशा बाळांच्या फुप्फुसात एक निसरडा थर कमी पडतो. हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आतून अस्तरासारखा असणारा हा थर, सर्फॅक्टंट, चोविसाव्या आठवड्यापासून थोडाथोडा तयार होऊ लागतो आणि चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. तो नसला तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पिशवी ओल्या प्लॅस्टिकसारखी मिटून चिकटते आणि पुढचा श्वास पुन्हा पहिल्यापासून ओढावा लागतो. बाळ थकून जाते. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडे जास्त. बोस्टनमधली तेव्हाची सगळी साधने वापरली गेली आणि ३९ तासांत तो गेला. आज सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही बऱ्या नवजात अतिदक्षता विभागात तेवढे बाळ वाचेल अशीच अपेक्षा असते.

मग यंत्रे आली. कृत्रिम श्वासाची यंत्रे १९६० च्या दशकात, आणि १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांची युक्ती, म्हणजे बाळाला स्वतःच श्वास घेऊ द्यायचा, फक्त हवेचा हलका दाब सतत ठेवून पिशव्या मिटू द्यायच्या नाहीत. मुले जगू लागली, आणि जगलेल्या मुलांच्या छातीत नवेच काहीतरी दिसू लागले. ते पाहिले एका क्ष-किरणतज्ज्ञाने. स्टॅनफर्डचे विल्यम नॉर्थवे यांनी १९६७ मध्ये ३२ बाळांचे फोटो ओळीने लावून दाखवले की, प्राणवायू आणि यंत्राचा दाब यांनी वाचवलेल्या फुप्फुसांवर वण उठतात, काही भाग फुगतो, काही आक्रसतो. त्यांनी त्याला ब्रोंकोपल्मनरी डिस्प्लेशिया हे जडजंबाल नाव दिले. छातीचे फोटो सालवार लावून रोग वाचायचा, हे वानलेसवाडीच्या डॉक्टरांना ओळखीचे वाटले असते.

नॉर्थवे यांची खरी थोरवी मला त्या पहिल्या निबंधात दिसत नाही. ती दिसते तेवीस वर्षांनंतरच्या निबंधात. नवा रोग सांगून नाव कमावणारे पुष्कळ असतात, पण तीच मुले मोठी झाल्यावर त्यांना शोधत जाणारे थोडे. १९६४ ते १९७३ या काळात जन्मलेल्या आणि तो आजार झालेल्या २६ जणांना त्यांनी किशोर आणि तरुण वयात पुन्हा तपासले आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. दोन-तृतीयांश जणांच्या श्वासनलिकांत अडथळा होता. बहुतेकांना रोजच्या जगण्यात त्याची जाणीव नव्हती. 

दरम्यान दोन मोठे शोध लागले. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळाच प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेले एक कोकरू इतक्या आधी जन्मले की त्याने श्वास घेणे शक्यच नव्हते, आणि ते घेत होते. १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हाउई यांनी २८२ स्त्रियांवरचा अभ्यास छापला. बाळंतपण लवकर होणार असे दिसताच आईला इंजेक्शन द्या, बाळाचे फुप्फुस दोन दिवसांत पिकते. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेले सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत घातले. त्या औषधाच्या एका कुपीची किंमत आपल्याकडे अनेक हजार रुपये असते. आईचे इंजेक्शन मात्र काही रुपयांचे. डेक्सामेथासोन, सहा मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा.

या स्वस्त इंजेक्शनाची पुढची गोष्ट आपल्या सीमेवरच घडली. भारत सरकारने २०१४ मध्ये परिचारिकेलाही पहिला डोस देऊन बाईला पुढे पाठवण्याची मुभा दिली. त्याच सुमारास सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्या भारतातल्या जागा होत्या बेळगाव आणि नागपूर. निकाल धक्कादायक होता. गावपातळीवर इंजेक्शन वाटले तेव्हा एकूण नवजातमृत्यू घटले नाहीत, वाढले. पुष्कळ इंजेक्शने अशा स्त्रियांना दिली गेली ज्यांचे दिवस खरे तर भरत आले होते. मग २०२० मध्ये दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. त्यातही बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय होते. पाच देश, २,८५२ स्त्रिया, सगळ्या रुग्णालयात, सगळ्यांची सोनोग्राफी करून आठवडे नक्की केलेले. इथे इंजेक्शन मिळालेल्यांची १९.६ टक्के बाळे दगावली, न मिळालेल्यांची २३.५ टक्के. औषध तेच होते. दुसऱ्या वेळी आठवडा माहीत होता आणि बाळ सांभाळणारे रुग्णालय जवळ होते.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर मराठवाड्यातून कृष्णाकाठी आलेल्या बाईला शेवटची पाळी कधी आली हे कोणी विचारते का, हा प्रश्न मला इथे टाळता येत नाही. ती दिवाळीच्या आसपास येते आणि उन्हाळ्यात जाते. तपासणी एका गावी, कोपीतला संसार दुसऱ्या, बाळंतपण तिसऱ्या. आठवड्यांचा हिशोब या प्रवासात सगळ्यांत आधी हरवतो.

महाराष्ट्रात अशा मुलांचा चिकाटीने माग काढण्याचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात नवजात विभागातून घरी गेलेली, दोन किलोंहून कमी वजनाची मुले निवडली आणि अठरा वर्षे त्यांची पाठ सोडली नाही. शेवटपर्यंत १६१ मुले सोबत राहिली. भारतात, मोबाइलच्या आधीच्या काळात, घरे बदलणाऱ्या भाडेकरू कुटुंबांना दीड तप धरून ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने पोस्टकार्डे पाठवून माणसे शोधली आहेत त्यालाच कळेल. अभ्यासाचा भर बुद्धी, शाळा आणि वाढ यांवर होता, आणि त्या काळी तोच योग्य होता. आईबापांचा पहिला प्रश्न ‘पोर शहाणं होईल ना?’ हाच असतो. छातीचा प्रश्न विसाव्या वर्षानंतरचा.

तो प्रश्न दक्षिणेत वेगळ्या वाटेने विचारला गेला. मैसूरचे होल्ड्सवर्थ रुग्णालय मिरजेसारखेच मिशनचे. तिथे १९३४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर वहीत टिपला जाई. नर्सनी ते शिस्त म्हणून केले, शास्त्र म्हणून नव्हे. साठ वर्षांनी इंग्लंडचे डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी त्या वह्यांपाशी पोहोचले. १९३४ ते १९५३ दरम्यान त्या रुग्णालयात जन्मलेले २८६ स्त्री-पुरुष, तेव्हा ३८ ते ५९ वर्षांचे, शोधून काढले आणि त्यांना नळीत जोराने फुंकायला लावले. १९९७ मध्ये निष्कर्ष आला. जन्माचे वजन जितके कमी, तितकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा कमी. बार्कर यांनी १९९१ मध्ये हर्टफर्डशायरच्या सुईणींच्या वह्यांतून हेच दाखवले होते. पण मैसूरच्या आकड्यांना आपल्यासाठी वेगळे वजन आहे. ही आपल्याच धुराची, आपल्याच जेवणाची माणसे होती.

इथे एक फरक सांभाळायला हवा, कारण तो नेहमी पुसला जातो. कमी वजन आणि अपुरे दिवस या दोन गोष्टी आहेत. मैसूरची लहान मुले बहुतांशी दिवस भरलेली, पोटात नीट न पोसलेली. पुण्याच्या गटात दोन्ही प्रकारची होती. फार आधी जन्मलेल्यांवरचा भक्कम पुरावा २०१९ मध्ये आला. मेलबर्नचे लेक्स डॉयल आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या ९३५ तरुणांची, वय १६ ते ३३, दिवस भरून जन्मलेल्या ७२२ जणांशी तुलना केली. बहुतेकांची फुप्फुसे कामचलाऊ होती, पण एकूण गटच खालच्या पायरीवर होता, आणि ज्यांना बाळपणी नॉर्थवे यांचा आजार झाला होता ते आणखी खाली.

खालची पायरी महत्त्वाची का? फुप्फुसाची ताकद विशीच्या पहिल्या भागात शिखर गाठते आणि मग प्रत्येकाचीच उतरत जाते. शिखरच बुटके असेल तर उतार नेहमीचा असूनही माणूस चाळिशी-पन्नाशीत धापेला लागतो. २०१५ मध्ये पीटर लांगे यांनी दाखवले की दीर्घकालीन श्वासरोग झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची घसरण वेगाची नव्हतीच, त्यांची सुरुवातच खालून झाली होती. मग अशा माणसाला आपल्याकडे काय म्हणतात? दमा. पंप मिळतो, कधी थोडा आराम पडतो, कधी पडत नाही, कारण अपुऱ्या दिवसांच्या छातीतला अडथळा पुष्कळदा दम्याच्या सुजेचा नसतो, अरुंद नळ्यांचा आणि कमी पडलेल्या पिशव्यांचा असतो.

आणि ही छाती घेऊन तो राहतो कुठे? कुपवाडच्या एमआयडीसीत भट्टीशी, तासगावच्या द्राक्षबागेत फवारणीच्या पंपामागे, हळदीच्या पॉलिशच्या धुळीत, गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी किंवा पाचट पेटवलेल्या उसाच्या फडाकडेला. दिवस भरलेल्या माणसालाही यातले काही मानवत नाही. ज्याची शिल्लकच कमी, त्याला प्रत्येक हंगाम महाग पडतो. छातीच्या ओपीडीत त्याला विडी विचारतात, चूल विचारतात, टीबी विचारतात. ‘किती आठवड्यांचे असताना जन्मलात?’ हा प्रश्न त्या यादीत नाही. विचारला तरी बहुतेकांना उत्तर येणार नाही. आईला विचारावे लागेल आणि आई म्हणेल, ‘सातव्यात झाला, कापसात ठेवून वाढवलं.’ तेवढ्याने डॉक्टरचे काम भागते. सातवा म्हणजे स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकण्याची तपासणी, करा, सिगारेट सोडायला दोनदा सांगा, भट्टीवरून स्टोअरला बदली मागायला चिठ्ठी द्या, फ्लूची लस सुचवा.

सध्याची व्यवस्था बाळाला घरी सोडते तेव्हा डिस्चार्ज कार्डावर आठवडे, वजन, यंत्रावरचे दिवस, प्राणवायूचे दिवस सगळे लिहिलेले असते. आशाताई बेचाळीस दिवस येतात, मग पंधराव्या महिन्यापर्यंत तिमाही भेटी होतात. तिथे फाइल मिटते. कार्ड ट्रंकेत, रेशनकार्डाखाली जाते आणि महापुरात भिजते. २००५ आणि २०१९ चे पूर आठवणाऱ्या सांगलीकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. क्षयाच्या फोटोला जो मान याच भागात शंभर वर्षांपूर्वी मिळत होता, तो या कार्डाला मिळालेला नाही.

भारतात २०२० या एका वर्षात सुमारे तीस लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली. अशांतली फार आधी जन्मलेली मुले जिल्ह्याच्या ठिकाणी जगू लागली ती अलीकडच्या दोन-तीन दशकांत, म्हणून त्यांतली सगळ्यांत मोठी आत्ता कुठे छातीच्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्याच्या वयात येत आहेत. पुण्याची ती दोन किलोंखालची मुले त्यांच्याहून थोडी पुढे आहेत. मैसूरच्या रुग्णालयात जन्मलेल्या माणसांनी नळीत फुंकले तेव्हा त्यांतला सर्वांत तरुण ३८ वर्षांचा होता. केईएममधून १९८७ च्या ऑक्टोबरात घरी गेलेले पहिले बाळ २०२५ मध्ये ३८ चे झाले, शेवटचे २०२७ मध्ये होईल.